शंभर थेंबांची बाटली

धरबाईला सुई टोचता येत नव्हती. लस टोचायच्या खोलीत एकतीस वर्षं काढली, तरी नाही. टोचायची ती सिस्टर. धरबाई नुसती धरायची. मुलाचं डोकं डाव्या काखेत, पाय मांड्यांच्या चिमट्यात, दंड उजव्या मुठीत, आणि मग मान सिस्टरकडे वळवून, "हं." त्या "हं" नंतर मूल हललंय, असं एकदाही झालं नाही. म्हणून दवाखान्यात धरबाई, गल्लीत धरबाई, रेशनच्या रांगेतही धरबाई. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

धरता धरता ती मुलांच्या कानात म्हणायची, "काही नाही रे राजा, मुंगी चावेल." एकतीस वर्षं ती हजारो मुलांशी हे एकच खोटं बोलली. मूल किंचाळून तिच्याकडे बघेपर्यंत तिने पुढच्याला हाक मारलेली असायची.

तिचं दुसरं काम मोजायचं. गोवराच्या लशीची बाटली दहा मुलांची. एकदा फोडली की संध्याकाळी उरलेली फेकावी लागे, आणि लस वाया गेली की मोठ्या डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर धुलाई करत. म्हणून नियम होता, दहा झाल्याशिवाय बाटली फोडायची नाही. दर गुरुवारी बाकावर बसलेल्या पोरांची डोकी धरबाई बोट नाचवत मोजायची. सात असली तर, "बसा गुपचूप." आणि बाराचा ठोका पडेस्तोवर दहावं आलं नाही तर, "नऊच झालीत. पुढच्या गुरुवारी या." कुणी हात जोडायचं, कुणी कामावरची अर्धी सुट्टी वाया गेली म्हणून बोंबलायचं. खरं सांगायचं तर ते वाक्य म्हणताना धरबाईच्या जिभेला बरं वाटायचं. आयुष्यभर दुसऱ्यासाठी धरणाऱ्या बाईला तेवढं एकच दार स्वतः बंद करता येत होतं.

तेवीस वर्षांपूर्वी एका गुरुवारी नववं मूल घेऊन आली ती तिची धाकटी जाऊ.

"ताई, अगं घरचीच आहे. फोड ना."

"घरची म्हणून फोडली तर बाकीच्या मला फाडून खातील. नऊच झालीत. गुरुवारी ये."

"अंगाला कढत लागतेय गं जराशी. गल्लीत गोवर आहे."

"मग तर नाहीच. आजारी मुलाला सुई देत नाहीत. हो पुढे."

पुढच्या गुरुवारपर्यंत पोरीच्या अंगावर तांबडा सडा पडला होता. बारा दिवस ताप. पोर वाचली, कान गेले. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या दिवशी टोचलं असतं तरी झालाच असता कदाचित. सांगता येत नाही." धाकटीने ते ऐकून घेतलं, पोरीला खांद्यावर टाकलं, आणि दारातून वळून थोरलीला म्हणाली, "येते जाऊबाई. तुम्ही या सावकाश."

ताईची जाऊबाई झाली आणि तूचं तुम्ही. त्यानंतर धाकटीने या विषयावर तोंडातून ब्र काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं धरबाईला पहिली दहा वर्षं वाटत राहिलं.

मधे एक परिपत्रक आलं होतं. एक मूल आलं तरी बाटली फोडा, वाया गेली तर जाऊ द्या. धरबाईनेच ते भिंतीवर चिकटवलं. पण हात तिचे जुन्याच वळणाचे. परिपत्रकानंतरही ती मोजायची. सिस्टर हसायची, "आता कशाला मोजता?" धरबाई म्हणायची, "राहू दे, सवय आहे."

घर एकच होतं, दोघा भावांनी मधून पत्रा ठोकून दोन केलेलं. धरबाईचा नवरा फोटोत गेला होता, धाकटीचा लांब पल्ल्याच्या ट्रकवर. मागचं परसही पत्र्याने चिरलेलं. अलीकडे धरबाईच्या अकरा कोंबड्या, पलीकडे धाकटीच्या चाळीस.

कोंबड्या धरबाईने निवृत्तीनंतर आणल्या, आणि त्याचं कारण ती कुणाला सांगत नसे. रिकामे हात तिला सोसवत नव्हते. संध्याकाळी ती एकेक कोंबडी उचलायची, पंख मिटवून काखेत घ्यायची, पाय बोटांत अडकवायची आणि नुसती बसायची. कोंबडी पाच मिनिटांत डोळे मिटायची. सुई नाही, किंकाळी नाही.

आणि साडेपाचला पुतणी यायची.

पुतणी पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात कामाला होती. पत्र्याच्या फटीतून आडवी होऊन यायची, अंडी टोपलीत गोळा करायची, सगळ्यात तापट तांबड्या कोंबडीला चोचीवर टिचकी मारायची, आणि मग काकूच्या शेजारी पायरीवर अर्धा तास बसायची. दोघींच्या खुणा घरच्याच होत्या, कुठल्या शाळेत शिकलेल्या नाहीत. काकूसाठी तिची खूण होती, उजव्या हाताने डावं मनगट घट्ट धरायचं. धरबाई. ही खूण पाहिली की धरबाईला गोड वाटायचं, आणि मागोमाग भीतीही. कारण कान का गेले ते पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? "झालं असतं तर" याला खूण नसते.

"कोंबड्यांसाठी येते हो ती," धाकटी पत्र्यापलीकडून ऐकवायची. "नाहीतर तुमच्याकडे काय आहे, जाऊबाई? फोटो आणि पेन्शन."

यात खोटं काहीच नव्हतं.

मग एका सोमवारी गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या बेकरीवाल्याच्या सहा कोंबड्या मेल्या. माना पाठीवर उलट्या वळलेल्या, चोची आभाळाकडे. मानमोडी.

धरबाई तडक जनावरांच्या औषधांच्या दुकानात.

"लस द्या. मानमोडीची."

दुकानदाराने फ्रीजमधून बोटाएवढी बाटली काढली. "डोळ्यात एकेक थेंब. सोबतच्या पाण्यात मिसळायची आणि दोन तासांत संपवायची. उरली तर फेका. किती कोंबड्या तुमच्या?"

"अकरा."

"बाटली शंभर थेंबांची आहे."

"लहान नाही?"

"मावशी, कंपनीने काय तुमच्या अकरा डोळ्यासमोर ठेवून कारखाना काढलाय?"

"मग उरलेले एकोणनव्वद?"

"त्यांची वरात काढा. मावशी, आजच घरी जाऊन घाला. लशीला अंगात भिनायला दिवस लागतात. गल्लीत आलीय म्हणता ना? मग ती काही पत्ता विचारत बसलेली नाही."

धरबाईने बाटली बर्फाच्या पिशवीत घातली. दुकानापासून घरापर्यंत ती मनातल्या मनात बाकावर कोंबड्या बसवत आली. आपल्या अकरा. बेकरीवाल्याच्या गेल्या. धाकटीच्या चाळीस. एक्कावन्न. शंभर नाहीत, पण निम्म्याच्या वर. एक्कावन्नाला बाटली फोडायला काही हरकत नव्हती. अकराला? अकराला हात वळेना. एकोणनव्वद थेंब मोरीत जाताना तिला डोळ्यांपुढे दिसत होते, आणि मागे मोठ्या डॉक्टरीणबाई उभ्या.

ती पत्र्याशी गेली.

"अगं ए, ऐकलंस का? मानमोडी आलीय. मी बाटली आणलीय शंभरची. तुझ्या चाळीस घेऊन ये, एकदमच उरकू."

पलीकडे पाण्याचं भांडं विसळण्याचा आवाज थांबला.

"शंभरची?"

"हो."

"आणि तुमच्या अकराच."

"म्हणून तर म्हणतेय."

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली. आवाजात इतका आदर, की साखर हाताला चिकटावी. "वाया कशाला घालवायची? आणते की. गुरुवारी आणते."

"आज नाही का जमत? दुकानदार म्हणत होता..."

"गुरुवारच बरा, जाऊबाई. तुमचा वारच तो."

धरबाईला यात काही टोचलं नाही. टोचलेलं कळायला आधी मूल व्हावं लागतं, आणि ती कायम धरणारी.

त्या संध्याकाळी पुतणी आली ती घाईत. टोपली खाली ठेवली, फ्रीजमधली बाटली काकूने दाखवताच तिने जोरजोरात मान हलवली. पत्र्याकडे बोट केलं, म्हणजे आई. दोन्ही हात फडफडवले, म्हणजे कोंबड्या. मग स्वतःच्या डोळ्याची खालची पापणी ओढून वरून थेंब सोडल्यासारखं केलं.

"हो गं, हो," धरबाई हसली आणि चार बोटं वर करून गुरुवारची खूण केली. "घालणार आहे तुझी आई. गुरुवारी."

पोरीने नाही नाही म्हणून हात हलवला. पुन्हा आई, पुन्हा कोंबड्या, पुन्हा डोळा. तीनदा. धरबाईने तीनदा मान डोलावली. त्यांच्या खुणांत आज होतं, उद्या होतं. झालेल्या गोष्टीला खूणच नव्हती. "घातले" आणि "घालणार" एकाच पापणीने सांगावे लागत. शेवटी पुतणीने कपाळावर हात मारला आणि तांबडीला टिचकी मारून निघून गेली.

गुरुवार आला. धरबाईने पहाटे परस झाडलं, स्टूल मांडलं, धुतलेला टॉवेल, बर्फाचं भांडं, ड्रॉपर. अगदी दवाखाना. अकरा कोंबड्या खुराड्यात कोंडून ठेवल्या. आठ झाले, दहा झाले. बाराला पत्र्याच्या वर धाकटीचा चेहरा उगवला.

"अगंबाई, तुम्ही मांडूनच बसलात की! आज नाही हो जमत. माझ्या चाळीस पकडायच्या म्हणजे काय खेळ आहे? पुढच्या गुरुवारी या."

"अगं, पण बेकरीवाल्याच्या..."

"मग फोडा की तुमची तुम्ही. कुणी हात धरलेत? अकराला शंभराची फोडा."

धाकटी वाट बघत उभी राहिली. खरंच वाट बघत होती. धरबाईने बाटली उचलली, झाकणाच्या पत्र्यावर अंगठा ठेवला. एवढंच करायचं होतं. नखाने पत्रा उचकटायचा. ती अंगठा तसाच ठेवून उभी राहिली. खुराड्यातून तांबडी ओरडत होती.

धरबाईने बाटली परत बर्फात ठेवली.

"पुढच्या गुरुवारी नक्की ना?"

"अगदी नक्की," धाकटी म्हणाली, आणि पत्र्यामागे गेली.

मंगळवारी सकाळी दाणे टाकल्यावर एक कोंबडी आली नाही. पांढरी. कोपऱ्यात पंख सांडून उभी होती, चोच उघडी, घशात शिट्टी. धरबाईने तिला वेगळी डालग्याखाली ठेवली. आता तरी बाटली? पण एकतीस वर्षांचा दुसरा नियम लगेच हजर झाला, आजारी मुलाला सुई देत नाहीत. उरलेल्या दहा ठणठणीत होत्या. दहाला तरी? दहा! तिने स्वतःशीच मोजलं. दहा झाल्या की फोडायची. पण ती दहाची बाटली. ही शंभराची.

बुधवारी पांढरी गेली. संध्याकाळपर्यंत तीन जणी हिरवं हगू लागल्या. पुतणी आली, तिने बघितलं, आणि काकूला खांद्याला धरून गदागदा हलवलं. फ्रीजकडे बोट. धरबाईने चार बोटं दाखवली. उद्या.

आणि उद्या गुरुवार उजाडला तेव्हा आणखी एक मेलेली होती. नऊ जिवंत, आणि नऊच्या नऊ वाकड्या. कुणाची मान पाठीवर, कुणाची पोटाखाली. एक स्वतःभोवती गरगर फिरत होती. तांबडी दाण्यावर चोच मारायला जायची आणि चोच प्रत्येक वेळी वीतभर बाजूला पडायची. तरी मारत होती.

धरबाई स्टुलावर बसली होती. टॉवेल, बर्फ, ड्रॉपर, सगळं मांडलेलं. बाराला फटीतून धाकटी आली. रिकाम्या हाताने.

"तुझ्या चाळीस?" धरबाईने विचारलं. दुसरं काही तिला सुचलंच नाही.

"माझ्यांना काय झालंय? त्यांना मी तुम्ही हाक मारलीत त्याच्या आदल्या रविवारीच घातले. पोरीने धरल्या, मी घातले. तिने सांगितलं नाही तुम्हाला?"

"रविवारी?"

"हो. माझीही बाटली शंभराचीच होती." धाकटी डालग्याजवळ उकिडवी बसली. "साठ उरले. मोरीत ओतले."

"साठ... अगं, माझ्या अकराच होत्या. एक हाक मारली असतीस."

"हाक?" धाकटीने मान वर केली. "मीही हाकच मारली होती. ताई म्हणून."

परसात तेवढीच घशातली शिट्टी, नऊ जागी.

मग धाकटीने बोट नाचवत मोजायला घेतलं. अगदी धरबाई मोजायची तसं, एकेका डोक्यावर बोट टेकल्यासारखं करत. "एक, दोन, तीन..." शेवटच्या तांबडीवर थांबली. "अरेरे. नऊच झाल्या."

धरबाईने तोंडावर पदर दाबला.

"रडू नका. या काही जगायच्या नाहीत, आणि अशा ठेवायच्याही नाहीत. मोडाव्या लागतील. येतं तुम्हाला?"

धरबाईने मान हलवली. नाही. टोचणं, कापणं, मोडणं, काहीच येत नव्हतं.

"ठाऊक आहे मला." धाकटीने बाह्या वर सारल्या. आणि तेवीस वर्षांनी पहिल्यांदा म्हणाली, "तू धर."

धरबाईने धरलं. पाय बोटांत, पंख काखेत. सवयीने तिचं तोंड त्या पिसांच्या कानाशी गेलं आणि सवयीनेच आलं, "काही नाही गं, मुंगी..."

"मोठ्याने बोल की. मलाही ऐकू दे. मला ऐकू येतं."

कट्.

"दुसरी. नीट धर. हलली बघ! एकतीस वर्षं काय धरलंस?"

कट्. धाकटीचे हात झपाझप चालत होते, चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही. सुई टोचताना सिस्टरच्या चेहऱ्यावरही असंच काही नसायचं. तांबडी शेवटची. तिने वाकड्या मानेने धरबाईच्या हाताला चोच मारली, आणि या वेळी चोच अगदी नेमकी लागली. रक्त आलं.

"हं," धरबाई म्हणाली.

कट्.

जेवणाच्या सुट्टीत पुतणी आली. फटीतून आडवी होऊन, टोपली आधी आत ढकलून. मग थांबली. नऊ ओळीने ठेवलेल्या, त्यांच्या शेजारी आई हात धूत होती. स्टुलावर काकू. बर्फ वितळून पाणी झालेलं, त्यात बाटली तरंगत होती.

पोरीने बाटली उचलली, पुसली, झाकण बघितलं. पत्रा जसाच्या तसा. तिने बाटली काकूसमोर धरली आणि तळहात उताणा केला. का?

धरबाईने दहा बोटं दाखवली, दहा वेळा. शंभर. मग दहा आणि एक. मग चिमूट करून हात हलवला. थोड्या होत्या.

पोरीने नऊ मेलेल्यांकडे बघितलं. बाटलीकडे बघितलं. तिला समजलं, पण पटायला वेळ लागत होता.

तेव्हा धाकटीने हात पुसले. लेकीच्या खांद्याला धरून तिला आपल्याकडे वळवलं. दोन हातांत तान्हं मूल घेतल्यासारखं केलं, आणि बोट लेकीच्या छातीला लावलं. तू. मग नऊ बोटं. मग आडवा हात, दार बंद. मग हातातली न फोडलेली बाटली घेऊन लेकीच्या कानाला लावली. एका कानाला, मग दुसऱ्या.

तेवीस वर्षं या गोष्टीला खूण नव्हती. आता सगळी खूण परसात मांडलेली होती, ओळीने.

पुतणी वळली. तिने उजव्या हाताने डावं मनगट धरलं आणि भुवया वर केल्या. धरबाई? तू?

धरबाई खोटं बोलू शकली असती. हजारो मुलांशी बोलली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सांगता येत नाही. पण सांगता येत नाही यालाही खूण नव्हती. तिने मान डोलावली.

मनगटावरची मूठ सुटली. पोरीने टोपली उचलली, उलटी करून झटकली, आणि फटीतून गेली. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येताना तिने चार खिळे आणले. फट तिनेच ठोकून बंद केली. पत्र्यावर किती मोठा आवाज होतोय ते तिला कळत नव्हतं. अलीकडे पायरीवर बसलेल्या धरबाईला प्रत्येक ठोका कळत होता.

गल्लीतले लोक पोरीच्या खुणा थोड्याफार ओळखतात. बेकरीवाला सांगतो, हल्ली थोरल्या काकूचा विषय निघाला की ती मनगट धरत नाही. तळहात पुढे करते आणि हवेत ढकलते, बाकावरून कुणाला उठवावं तसा. "हे कुणाचं नाव गं?" असं त्याने एकदा विचारलं, तर तिने नऊ बोटं दाखवली आणि पाव घेऊन गेली.

बाटली अजून धरबाईच्या फ्रीजमध्ये आहे. न फोडलेली.